आधी गवत, मग गाजर

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं : या वेळी ससे आणि गिनीपिग

जून लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांची जात बदलते. एरवी कुत्र्याची खाज, मांजराची उलटी, गाभण म्हशीची काळजी. जूनमध्ये मात्र ससे आणि गिनीपिग. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांच्या हट्टापायी घेतलेले, महिनाभर सगळ्यांनी मिळून काय वाटेल ते खाऊ घातलेले, आणि शाळा सुरू झाल्यावर आईच्या गळ्यात पडलेले. म्हणून हे सबंध सदर या वेळी त्यांचंच.

आधीच सांगते, माझी नोकरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत गाई, म्हशी, शेळ्या बघण्यात गेली. सशाकडेही मी त्याच नजरेनं बघते: लहान आकाराचं चरणारं जनावर. कुत्र्या-मांजराच्या पंगतीला त्याला बसवलं की पोळी-बिस्कीट सुरू होतं, आणि मग मला पत्रं येतात.

डोंबिवलीहून एक आई लिहितात : आमचा ससा सात महिन्यांचा आहे. गाजर, पोळी, मारी बिस्कीट आणि दुकानातलं रंगीबेरंगी खाद्य आवडीनं खायचा. आठवडाभर नुसता तोंड लावून सोडून देतोय. कालपासून काहीच खाल्लं नाही, हनुवटी ओली दिसते. उन्हामुळे असेल का? दोन दिवस वाट बघू का?

वाट बघायची नाही. संपादकांनी तुमचं पत्र मला लगेच पाठवलं, आपलं फोनवर बोलणं झालं आणि ससा आता खातोय, हे ठीक. तरी उत्तर सविस्तर छापते, कारण याच मजकुराची आणखी पत्रं समोर पडली आहेत.

सशाचे सगळे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. तेवढेच ते झिजायला हवेत, आणि झिजतात ते गवत चघळताना, खालचा जबडा आडवा फिरतो तेव्हा. गाय रवंथ करताना बघा, तोंड कसं बाजूला फिरतं. पोळी, बिस्कीट, गाजराचे तुकडे खाताना जबडा नुसता वर-खाली होतो. मग दाढांच्या कडांना धारदार टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला आतून कापतात. ससा भुकेला असतो, ताटलीपाशी येतो, तोंड लावतो आणि दुखलं की मागे सरतो. तुम्ही लिहिलेलं 'तोंड लावून सोडून देतो' ते हेच. हनुवटी ओली दिसली की पुढच्या पंजांची आतली बाजू बघा. लाळ पुसून पुसून तिथले केस चिकटून त्यांच्या बटा झालेल्या असतात. ही खूण घरी कुणालाही कळते आणि सहसा चुकत नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. सशाला उलटी करता येत नाही. त्याचं आतडं सतत हलतं ठेवायचं काम चाऱ्यातल्या रेषांचं. चारा थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. बारा तास खाल्लं नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, म्हणजे डॉक्टरकडे न्यायची वेळ झाली. रात्र असली तरी. गिनीपिगलाही हेच लागू. आणि पोट टम्म, घट्ट लागत असेल तर पिचकारीनं काही भरवत बसू नका, आधी तपासून घ्या.

नेलकटरनं पुढचे दात कापून देणारे लोक असतात, दुकानदार तर हमखास. दात उभा चिरतो, मुळाशी पू होतो. दाढांचं काम भूल देऊन, तोंड उघडून, नीट दिसत असताना करायचं असतं. ससे नेहमी बघणारा डॉक्टर शोधा. आणि नेताना टोपलीत त्याचा चारा सोबत ठेवा. सशाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवत नाहीत.

आता खायला काय? ताटातला मोठा वाटा वाळलेल्या गवताचा. रोज सशाच्या अंगाएवढा ढीग, तो संपेपर्यंत नाही तर सतत समोर. परदेशी टिमोथी गवत पाकिटात मिळतं, महाग पडतं. तेच हवं असं काही नाही. ओटचं वाळलेलं गवत चालतं, मारवेल चालतं, सावलीत वाळवलेली हरळी उत्तम. गोठ्यांना चारा पुरवणारा माणूस डोंबिवलीच्या आसपासही आहे, कल्याणच्या तबेल्यांवर चौकशी करा. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, पोटाला त्यात फार काही नाही. लसूणघास चविष्ट, पण त्यात कॅल्शियम फार, म्हणून तो सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना आणि गाभण मादीला. मोठ्या सशाला कधीमधी काडीभर. शेतातून ज्वारीचा कोवळा हिरवा पोंगा मात्र कुणी प्रेमानं आणून दिला तर परत करा. गुरांना त्यानं किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, सशावर प्रयोग नको.

सोबत मूठ-दोन मूठ पाला : कोथिंबीर, मुळ्याचा पाला, फ्लॉवरच्या देठाची पानं, पुदिना, थोडी मेथी. पालक रोज नको. दूर्वांची जुडी सगळ्यांत सोपी, मंगळवारी भाजीवालीकडे हमखास असते; स्वच्छ धुवून, आणि देवाला वाहायच्या आधीची द्या, हळदी-कुंकवातली नको. गोळी खाद्य मोठ्या सशाला रोज, वजनाच्या किलोमागे, पंचवीस ग्रॅमच्या आसपास पुरे, एकरंगी गोळ्यांचं. त्यात दाणे आणि रंगीत तुकडे असले की तो तेवढेच वेचून खातो. गाजर म्हणजे त्याची मिठाई. बोटाच्या पेराएवढा तुकडा, अधूनमधून. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या, तो आपण कचऱ्यात टाकतो आणि गाजर सशाला घालतो! बटाटा, कांदा, लसूण, भात, डाळ, ब्रेड, शेंगदाणे : नाही.

बदल एकदम करू नका. दोन-तीन आठवडे घ्या. आणि सासूबाई पोळी देणं थांबवत नाहीत असं तुम्ही फोनवर म्हणालात, तर त्यांच्या हातात दूर्वांची जुडी द्या. त्यांना भरवायचं असतं, पोळीच भरवायची असते असं नाही.

नागपूरहून एक गृहस्थ : ४५ अंशांत ससा कसा जगवायचा? पंखा चोवीस तास चालू आहे.

पंख्यावर फार विसंबू नका. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याची उष्णता कानांतून बाहेर पडते. त्याला वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, तिशीच्या वर गेलं की त्रास सुरू. तुमच्याकडे हवा कोरडी, तेव्हा कूलर कामाचा. हाच सल्ला मी रत्नागिरीला देणार नाही, तिथे कूलरनं नुसता दमटपणा वाढतो. पिंजरा गच्चीत किंवा पत्र्याखाली नको, घरातल्या सर्वांत थंड खोलीत फरशीवर. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तो हवं तेव्हा टेकतो. पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड मातीच्या पसरट भांड्यात ठेवा, ससे त्यातून जास्त पितात.

तोंड उघडं टाकून धापा, लाळ, कान लाल आणि गरम, आडवा पडलेला : ऊन बाधलंय. कान आणि पाय साध्या पाण्यानं ओले करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, तोंडात पाणी ओतू नका.

साताऱ्याहून : सशाची लघवी लालभडक झाली. घरात रडारड.

त्याला बाकी सगळं ठीक असेल, खातोय-खेळतोय, तर बहुधा रक्त नाही. काही पानांतल्या द्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळीपासून विटकरी लालपर्यंत कुठल्याही रंगाची होते, एक-दोन दिवसांत उतरते. दुधाळ-खडूसारखी दिसली तर ते जादा कॅल्शियम. थोडीफार चालते, घट्ट गाळ पडायला लागला तर दाखवा. कुंथत असेल, थेंब थेंब होत असेल, किंवा गुठळ्या दिसल्या, तर लगेच. मादी असेल आणि तीन-चार वर्षांची असेल तर मी रंगावर सोडणार नाही, कारण ते रक्त गर्भाशयातलंही असू शकतं. त्याबद्दल पुढे नाशिकच्या पत्रात.

ठाण्याहून, गिनीपिग पाळणारी एक कॉलेजकन्या : माझ्या गिनीपिगचे केस राठ झालेत, मागचे पाय आखडून चालतो, उचललं की किंचाळतो. सशाचं चांगलं महागाचं खाद्य देते. कॅल्शियम सुरू करू का?

कॅल्शियम नको. तुझ्या पत्रातच निदान आहे : 'सशाचं खाद्य'.

माणूस आणि गिनीपिग यांच्यात एक उणीव सारखी आहे. दोघांनाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ससा ते करतो, म्हणून सशाच्या खाद्यात ते घातलेलं नसतं. आठवडा-दोन आठवडे बाहेरून मिळालं नाही की गिनीपिगला स्कर्व्ही होतो. जुन्या काळी लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना व्हायचा तोच. सांध्यांत रक्त उतरतं, हिरड्या सुजतात, जखम भरत नाही, हात लावला की दुखतं. तो लाडानं किंचाळत नाहीये.

उद्या सकाळी डॉक्टरकडे ने, कारण आता झालेली तूट इंजेक्शन किंवा थेंबांनीच लवकर भरेल. पुढचं सोपं आहे. धडधाकट गिनीपिगला दिवसाला, वजनाच्या किलोमागे, १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत ते ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे रोज पाव मध्यम मिरची आणि थोडी कोथिंबीर, की झालं. चिरून तासन्तास ठेवू नकोस. पेरूची छोटी फोड आठवड्यातून एकदा चालेल, त्यात साखरही असते. पिण्याच्या पाण्यात थेंब टाकायचा सल्ला दुकानात देतात. उजेडात आणि पाण्यात ते जीवनसत्त्व लवकर मरतं, पाण्याची चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो. माणसांच्या मल्टिव्हिटामिनच्या गोळ्या तर मुळीच नको, त्यातलं अ आणि ड अंगावर येतं. गिनीपिगचं म्हणून वेगळं खाद्य मिळतं, ते घे, पण पाकिटावरची तारीख बघ. बनवल्यापासून तीनेक महिन्यांनी त्यातल्या क जीवनसत्त्वाचा फारसा भरवसा राहत नाही.

आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी वजन करून वहीत लिही. गिनीपिग आजार शेवटपर्यंत लपवतो, काटा लपवत नाही.

पुण्याहून : ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात छान राहतात असं दुकानदार म्हणाला. खरं का?

त्याच्याकडे दुसरा पिंजरा शिल्लक नसेल. सशाच्या मागच्या पायांची एक लाथ गिनीपिगची बरगडी मोडायला पुरते. शिवाय सशाच्या नाकात एक जिवाणू अनेकदा निमूट राहतो, सशाला काही होत नाही, गिनीपिगला त्यानं न्यूमोनिया होतो. आणि आहार वेगळा, ते वर आलंच. सशाला ससा हवा, गिनीपिगला गिनीपिग. गिनीपिग मूळचा अँडीज पर्वतातला, कळपात राहणारा. एकटा ठेवलात तर तो कोपऱ्यात गप्प बसतो आणि घरचे म्हणतात, किती शांत स्वभाव!

छत्रपती संभाजीनगरहून एक वडील : सशाला शिंका येत होत्या. मुलाचं अमॉक्सिसिलिन सिरप घरात होतं. मेडिकलवाला म्हणाला, लहान बाळाला चालतं तर सशाला का नाही, थेंब-थेंब द्या. तीन दिवस दिलं. आता पातळ जुलाब. डोस वाढवू का?

आत्ता, हे वाचत असाल तर आत्ता, थांबवा. तुम्हाला फोन करून सांगितलं आहेच. बाकीच्यांसाठी ठळक लिहिते.

सशाच्या आणि गिनीपिगच्या पोटात मोठ्या आतड्याला लागून एक थैली असते, अंधांत्र म्हणतात तिला. चाऱ्याचं खरं पचन तिथे होतं, आणि ते करतात तिथले उपकारक जिवाणू. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन नेमकं या जिवाणूंना मारतं. जागा रिकामी झाली की दुसरे जिवाणू माजतात आणि त्यांचं विष रक्तात जातं. माणसाच्या बाळाला जे औषध वाचवतं, तेच या प्राण्याला जुलाबानं दोन-चार दिवसांत संपवू शकतं. त्यांना चालणारी प्रतिजैविकं आहेत, ती डॉक्टर निवडतील, वजन करून. गुरांच्या दवाखान्यात उरलेल्या बाटलीतलंही नको. ओळखीचा कंपाउंडर असला तरी नको.

दुसरं, याच रांगेतलं : कुत्र्याच्या गोचिडांवर मानेवर थेंब टाकायचं किंवा फवारायचं जे औषध मिळतं, त्यात फिप्रोनिल असेल तर ते सशाला लावू नका. झटके येऊन ससे गेलेले आहेत. बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा.

शिंकांचं म्हणाल, तर आधी पिंजऱ्यात नाक घालून बघा. डोळ्यांना लघवीचा वास झोंबतो का? तुम्हाला क्षणभर झोंबतो, तो त्यात दिवसभर बसलेला आहे. गोणपाट रोज बदलला, पिंजरा वाऱ्याशी ठेवला की कितीतरी शिंका औषधावाचून थांबतात. नाकातून घट्ट पांढरा स्राव असेल तर ती वेगळी गोष्ट, ती तपासूनच.

कराडजवळच्या एका गावातून शेतकरी दादा लिहितात : उन्हाळी भुईमूग काढताना सशाची दोन पिल्लं सापडली. डोळे उघडे आहेत, अंगावर लव आहे. आई पळाली. पोरांनी घरी आणून खोक्यात ठेवलीत, गाईचं दूध कापसानं पाजतोय. जगतील का? मोठी झाल्यावर पाळता येतील का?

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही. आपल्या रानातला ससा आणि दुकानातला पांढरा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. दुकानातला मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा, त्याची पिल्लं जन्मतः उघडी-नागडी आणि आंधळी. आपला रानससा उघड्यावर, झुडपाच्या आडोशाला वितो, म्हणून त्याची पिल्लं पहिल्या दिवसापासून डोळे उघडे आणि लवदार. तुम्ही बरोबर बघितलंत. तो वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला धरणं, पाळणं, मारणं सगळ्याला बंदी आहे. तुम्ही दयेनं आणलीत, हे मला कळतं, पण कायद्यात दयेचं वेगळं कलम नाही.

आता पहिला प्रश्न. आई पळाली ती टाकून नाही गेली. मादी दिवसभर पिल्लांपासून लांबच राहते, कोल्ह्या-कुत्र्याला तिच्या मागावर पिल्लं सापडू नयेत म्हणून. अंधार पडता पडता येते, पटकन पाजते, जाते. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे आपल्याकडे सगळे सांगतात. त्याची भीती धरू नका. आणल्याला दिवस-दीड दिवसच झाला असेल आणि पिल्लं तरतरीत असतील, तर आज दिवेलागणीच्या आधी त्याच शेतात न्या. मूळ जागा नांगराखाली गेली असेल तर तिथून जवळच्या बांधावर, गवताच्या आडोशाला ठेवा. कुत्री बांधून ठेवा आणि लांब व्हा. बघायला पोरं जमली तर आई येणार नाही.

जखमी असतील, गार पडली असतील किंवा बरेच दिवस झाले असतील, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वनरक्षक येतील किंवा कुठे न्यायची ते सांगतील. तोवर खोकं अंधारात, उबेला. गाईचं दूध बंद करा. त्यानं हगवण लागते, आणि कापसानं पाजताना ते फुफ्फुसात उतरतं. माझ्या दवाखान्यात आलेली अशी पिल्लं भुकेनं कमी आणि दुधानं जास्त गेली.

पुढच्या वेळी काढणी-नांगरणीला एक करता येईल. शेताच्या कडेनं आत-आत न येता मधून बाहेरच्या बाजूला काम न्यायचं. चालती-पळती पिल्लं बांधाकडे निसटतात, मधल्या पट्ट्यात कोंडली जात नाहीत.

कोल्हापूरहून : सशानं मुलाचं बोट फोडलं, रक्त आलं. रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतील का?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग मुलाला डॉक्टरकडे न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते सोबत सांगा. रेबीजबद्दल आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत असं आहे की पाळीव उंदीर, खार, ससा चावल्यावर लस क्वचितच लागते. पण तुमच्या सशाला अलीकडे भटकं कुत्रं, मांजर किंवा मुंगूस चावलं-ओरबाडलं असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, निर्णय बदलतो. आणि मुलाला विचारा, त्यानं ससा कसा उचलला होता? कान धरून असेल तर मी सशाच्या बाजूची. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी धरून. मागचा भाग लोंबकळला की ससा जिवाच्या आकांतानं लाथ झाडतो आणि त्या झटक्यात स्वतःचाच मणका मोडून घेतो. त्याची हाडं फार हलकी असतात. मोडलेला मणका मला जोडता येत नाही.

नाशिकहून एक ताई : जोडी घेतली होती, मादी परवा व्यायली. सहा पिल्लं. पण ती पिल्लांजवळ जातच नाही, दुसऱ्या कोपऱ्यात बसते. नर मात्र तिच्या मागे मागे. पिल्लांना मी पाजू का?

नर आधी बाहेर काढा, मग पुढचं वाचा. मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, आणि गाभणकाळ अवघा ३० ते ३२ दिवसांचा. गणपतीपर्यंत तुमच्या घरात किती होतील ते तुम्ही मोजा.

पिल्लांना काही करू नका. मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही चार-पाच मिनिटं, बहुतेक पहाटे. तुम्ही झोपलेल्या असता. सकाळी हात धुवून घरट्यातलं एकेक पिल्लू बघा : पोट गोल, तट्ट, कातडी गुळगुळीत, तर पाजलंय. पोट खपाटीला आणि कातडीला सुरकुत्या, पिल्लू सारखं वळवळतंय, तर डॉक्टरांना फोन. तिनं स्वतःचे केस उपटून घरट्यात घातलेत ना? ते काढून 'स्वच्छता' करू नका. दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे उघडतील, तिसऱ्या आठवड्यात बाहेर हुंदडतील, सहा ते आठ आठवडे आईजवळ राहू द्यात. बाजारात याच्या कितीतरी आधी विकतात. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांत आईच्या दुधावरची पिल्लं विकायला मनाई आहे, तरी क्रॉफर्ड मार्केटपासून आपल्या आठवडी बाजारापर्यंत तळहातावर मावणारे ससे दिसतातच.

नराचं खच्चीकरण करून घ्या. त्यानंतरही महिना-दीड महिना तो मादीपासून लांब ठेवा, तेवढे दिवस त्याच्यात दम शिल्लक असतो. पिल्लं दुधावरून सुटल्यावर मादीचीही शस्त्रक्रिया करावी असं मी म्हणेन. शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांना चार वर्षांच्या पुढे गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. निम्म्या वाटेवर हे दुखणं कशाला?

पनवेलहून : पावसाळा सुरू झाला. पिंजरा गॅलरीत असतो. काय जपायचं?

एकच गोष्ट सांगायची तर शेपटीखालचा भाग. रोज सकाळी आणि संध्याकाळी उचलून बघा. पावसाळ्यात माशा मातलेल्या असतात. लेंडी किंवा लघवी केसांत चिकटून ओल धरली की माशी तिथे अंडी घालते, आणि दिवसभरात अळ्या होऊन कातडीखाली शिरतात. संध्याकाळी 'जरा मलूल वाटतोय' आणि सकाळी गेला, असं घडतं. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं जेवढ्या निघतील तेवढ्या काढत गाडीत बसा. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालतात म्हणून कुणी ते सुचवेल. सशाची कातडी पातळ असते, भाजून निघते, आणि चाटल्यावर पोटात जातं. फिनेलही नाही.

पण अळी हा दुसरा अंक. पहिला अंक, तिथे घाण का चिकटली? ससा लठ्ठ झाला असेल तर त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. गोड-पिठूळ खाल्ल्यानं लेंडी मऊ झाली असेल. म्हातारा असेल तर कंबर दुखत असेल. ते शोधलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आंघोळ घालू नका. तेवढा भाग कोमट पाण्यानं पुसा आणि पूर्ण कोरडा करा. चारा उंचावर, हवेशीर; बुरशीचा वास आला की गठ्ठा फेकून द्या, वरचा चांगला वेचून द्यायचा मोह नको. आणि गिनीपिगच्या नाकाभोवती केस जाऊन गोल खवले दिसले तर तो नायटा, घरातल्या मुलांना लागतो. त्याच्यासोबत मुलांचे हातही दाखवून घ्या.

सांगलीहून, इयत्ता सातवी : डॉक्टर आजी, माझा ससा स्वतःची शी खातो. मी त्याला रागावलो. तो वेडा झालाय का?

वेडा नाही रे बाळा, तो जेवतोय. सशाच्या दोन तऱ्हेच्या लेंड्या असतात. एक तू झाडतोस ती, कोरडी, गोल, वाटाण्याएवढी. दुसरी मऊ, चमकदार, द्राक्षांच्या बारक्या घोसासारखी; ती तो थेट तिथूनच तोंडात घेतो, म्हणून तुला सहसा दिसत नाही. तिच्यात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, पहिल्या फेरीत पोटानं न घेतलेली. गाय चारा तोंडात परत आणून रवंथ करते, सशानं त्यासाठी दुसरी वाट काढली आहे. त्याला रागावू नकोस, आणि त्या वेळी उचलूही नकोस. मात्र हे मऊ घोस पिंजऱ्यात पडून, तुडवलेले दिसायला लागले, तर मला पुन्हा लिही. त्याचा अर्थ तू त्याला फार लाडाचं खायला देतोस. काय काय देतोस त्याची यादी पाठव. बिस्किटं लपवू नकोस.

पत्र पाठवणाऱ्या सगळ्यांना : प्राण्याचं वय, वजन, नर की मादी, काल दिवसभरात काय काय खाल्लं आणि शेवटची लेंडी कधी पडली, एवढं पहिल्या चार ओळींत लिहा. तो किती गोड आहे ते पाचव्या ओळीपासून. पुढच्या अंकात पोपट आणि बजरीगर; पिंजऱ्याचा फोटो सोबत जोडा, पोपटाचा नसला तरी चालेल.